महाळुंगाला लावलेली तीट

"आमच्या घरी आहे की," असं योगीराज बोलून गेला आणि स्टाफरूममधले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ठाण्यातल्या त्या ज्यू शाळेत तो तीन वर्षं मराठी शिकवत होता, तोही हंगामी म्हणून, आणि एवढ्या काळात त्याच्याकडे इतकं मन लावून कुणी बघितलं नव्हतं.

विषय महाळुंगाचा होता. सुक्कोत हा ज्यू लोकांचा मांडवात बसून जेवायचा सण तोंडावर आला होता. त्या सणात महाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं फळ, हातात धरून प्रार्थना करतात, एथ्रोग म्हणतात त्याला. शाळेचं महाळुंग दरवर्षी परदेशातून यायचं. यंदा ते पार्सल कुठल्याशा विमानतळावर अडकून पडलं होतं आणि तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ शिकवणारे झिराडकर सर डोक्याला हात लावून बसले होते. सर मूळचे अलिबागकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. बोलायला मऊ, नियमाला कडक. योगीराजला कायम करायचं की नाही हे दिवाळीनंतर ठरणार होतं आणि ठरवणाऱ्यांमध्ये सरांच्या शब्दाला वजन होतं.

"घर कुठे तुमचं?" सरांनी विचारलं.

"बोरी. परभणी जिल्हा. अंगणातच झाड आहे, सर."

"फळाला डाग नको हं. ओरखडा नको. टोकाला छोटं बोंड असतं, तेही तुटलेलं नको."

"आमच्याकडे त्या फळाला कुणी हातसुद्धा लावत नाही," योगीराज म्हणाला. हे अगदी खरं होतं. मुतखडा झाल्याशिवाय बोरीत कुणाला महाळुंग आठवत नाही.

सरांचा चेहरा उजळला. मी स्वतःच येतो, म्हणाले, नववीची तीन मुलंही आणतो. पुस्तकात वाचतात ते झाडाखाली बसून शिकतील. योगीराजला एकदम आपण फार बोललो असं वाटलं. मधल्या सुट्टीत त्याने घरी फोन लावला.

"आई, महाळुंगाला तीन फळं होती ना?"

"व्हती," पार्वतीबाई म्हणाल्या. "एक चुडाव्याच्या मावशीनं नेलं, तिच्या मालकाला मुतखडा झालाय. एक बोकडानं खाल्लं. एक हाय."

"त्याला जप. डाग पडता कामा नये. आणि टोकाला बोटसुद्धा लावू नको."

"कामून? कुणाला झालाय मुतखडा?"

"मुतखडा नाही गं. आमच्या सरांना पूजेला पाहिजे. देवाचं काम आहे."

"मंग तसं सांग की," पार्वतीबाई म्हणाल्या. देवाचं म्हटल्यावर त्यांना पुढचं काही सांगावं लागत नसे. तिखटमीठ लावून सांगायची मात्र योगीराजच्या वडिलांना, म्हणजे बन्सीअण्णांना, सवय होती. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की मुंबईचे मोठे लोक आपल्या अंगणातलं फळ न्यायला येत आहेत.

अण्णांनी घरातली एकुलती एक मच्छरदाणी काढून फळाच्या फांदीला बांधली आणि स्वतः रात्रभर डास मारत पडले. मच्छरदाणीतलं फळ बोरीने आजवर बघितलं नव्हतं, म्हणून बोरी बघायला आली. बाजाराला आलेली माणसंसुद्धा हातातल्या पिशव्यांसकट डोकावून गेली. इथवर ठीक होतं. मग शेजारचा महारुद्र आला. महारुद्र मनाने चांगला माणूस, पण त्याने एकदा पंडितच्या म्हशीला दुधाळ म्हटलं आणि म्हैस आटली. तेव्हापासून त्याच्या शिव्या लोक हसून ऐकत आणि कौतुक केलं की दचकत.

"काकू," महारुद्र मच्छरदाणी वर करून म्हणाला, "फळ लय देखणं हाय बगा."

तो गेल्यावर पार्वतीबाईंनी कुठल्याही आईने केलं असतं तेच केलं.

सर यायच्या आदल्या दिवशी योगीराज घरी पोचला. हातपाय न धुता तो आधी झाडाकडे गेला. फळ पिवळंधमक, नितळ, टोकाचं बोंड शाबूत. त्याने ते हलकेच फिरवलं आणि देठापाशी ज्वारीच्या दाण्याएवढा काळाकुट्ट ठिपका दिसला.

"आई, हे काय आहे?"

"तीट."

"फळाला?"

"सारं गाव येऊन बगायलंय. महारुद्र बी येऊन गेला. नजर लागून गळून पडल्यावर काय करतूस?"

योगीराजने थुंकी लावून बोटाने घासून बघितलं. ठिपका हलला नाही. "काजळ आहे ना हे?"

"काजळ दवानं पुसून जातंय," पार्वतीबाई समाधानाने म्हणाल्या. "बिब्बा लावलाय. जलमभर निघायचा न्हाई."

"अगं, त्यांना डाग चालत नाही."

"डाग कुठं हाय? तीट हाय ती. आन टोकाला हात लावू नको म्हणलास, म्हून देठापाशी लावली. तुजं ऐकलंच ना मी?"

योगीराजने तिळाच्या तेलात कापूस बुडवून ठिपका पुसला. मग लिंबू चोळलं. मग चिंच. बिब्ब्याला हात लावू नको, उततो तो, असं आई सांगत होती, पण योगीराजच्या डोळ्यांसमोर दिवाळीनंतरची बैठक होती. घासता घासता घाम आला, तो त्याने त्याच हाताने पुसला. नाक खाजलं, तेही चोळलं. सकाळी ठिपका होता तसाच होता आणि योगीराजचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. एक डोळा उघडत नव्हता. गालभर लाल पुरळ उठलं होतं.

तशातही सरांना हे कसं सांगायचं, याची त्याने मनातल्या मनात तयारी केली होती. आधी प्रवासाची चौकशी, मग चहा, मग गावाकडच्या रूढींबद्दल दोन शब्द आणि मग हळूच ठिपका. परभणीहून जीप आली. सर खाली उतरले आणि योगीराजकडे बघून जागच्या जागी थांबले.

"अहो, हे काय झालं?"

"काय न्हाई," बन्सीअण्णा पुढे होऊन म्हणाले. "बिब्बा उतलाय. हिनं फळाला लावला, ह्यानं तोंडाला घेतला. या, बसा."

सरांनी सोबत स्वतःचे कप आणले होते. त्यातून त्यांनी कोरा चहा घेतला. "सोवळ्याचं माणूस दिसतंय," पार्वतीबाई योगीराजच्या कानात म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला. झाडाखाली पाट मांडला होता, त्यावर खणाचा तुकडा आणि त्यावर कापसात फळ. सरांनी खिशातून भिंग काढलं. भिंतीवर, ओट्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाव बसलं होतं. मुलगी बघायच्या कार्यक्रमाला असते तशी शांतता पसरली. फक्त मुलगी पसंत करायला इथे कुणी भिंग आणत नाही.

सरांनी टोक बघितलं, मान हलवली. अंग बघितलं, मान हलवली. देठ बघितलं आणि मान हलायची थांबली.

"सर," नववीतली अवीवा म्हणाली. ही मुलगी वर्गात प्रश्न विचारायची तेव्हा शिक्षक घड्याळ बघायचे. "डाग म्हणजे आपोआप पडलेला, की माणसाने लावलेलासुद्धा?"

"चांगला प्रश्न आहे," सर म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"लावलेला डाग जास्त वाईट. मुद्दाम बिघडवलं."

"बिघडवलं?" पार्वतीबाईंना राहवेना. "पोरी, तू ल्हान असताना तुज्या आईनं तुला तीट लावली न्हाई का?"

"लावायची. पायाच्या तळव्याला."

"मंग तू बिघडलीस का?"

अवीवाने जरा विचार केला. "सर, तीट सुंदर बाळालाच लावतात. म्हणजे फळ सुंदर आहे याचा तो पुरावा नाही का?"

सरांनी डोळे मिटले. इतकी वर्षं शिकवत होते, पण हा मुद्दा त्यांच्यासमोर कधी आला नव्हता आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता, हे सुजलेल्या डोळ्यालाही दिसत होतं. "पुरावा असो नसो," ते म्हणाले, "टोकाकडच्या उतारावर एक ठिपकाही चालत नाही. देठाकडे मात्र एकट्या ठिपक्याने फळ बाद होत नाही. हे चालेल."

योगीराजच्या घशातून कसलासा आवाज आला. तोंड धड उघडत नसल्याने तो आनंदाचा आहे हे कुणाला कळलं नाही.

"आता शेवटचं," सर भिंग पुसत म्हणाले. "हे झाडाखाली उभं राहूनच विचारायचं असतं. झाड कलमी नाही ना?"

योगीराजने चटकन अण्णांकडे बघितलं. बन्सीअण्णांच्या दारात येऊन झाड कलमी नाही ना असं विचारणं म्हणजे पैलवानाला तुम्ही आजारी असता ना असं विचारण्यासारखं होतं. अण्णांना आसपासची गावं कलमवाले म्हणूनच ओळखत होती, ती याच झाडामुळे.

"न्हाई कसं?" महारुद्र भिंतीवरून म्हणाला. "गावठी वाटलं का काय तुमाला? अव्वल कलम हाय."

"अण्णांनी सोत्ता बांधलंय," ट्रॉलीतून पंडित म्हणाला. सगळ्या गावाने होकार भरला. एखाद्या भल्या माणसासाठी कोर्टात साक्ष द्यावी, तसे लोक उठून उठून सांगत होते.

"ईडलिंबाच्या खुंटावर," अण्णा म्हणाले. "ह्या हातानं. लोकायचं धरत न्हाई, माजं पैल्या झटक्यात धरलं."

सरांनी भिंग खिशात ठेवलं. कलमात दोन जातींची सरमिसळ होते, अशा झाडाचं फळ आम्हाला चालत नाही, असं त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. झाड उत्तम आहे, हेही सांगितलं. अण्णा खाली बघत राहिले. भिंतीवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण आपण चांगलं बोललो होतो मग वाईट काय झालं, हे त्यांना समजेना. योगीराजला तीन वर्षांत झिजवलेले खडू वाया गेलेले दिसायला लागले.

"सर," पार्वतीबाई म्हणाल्या, "जरा आत येता का? योग्या, तू बी ये."

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटून घेतलं.

"कलम जळालं व्हतं," त्या म्हणाल्या. "पैल्याच उन्हाळ्यात. हे तवा नांदेडला दवाखान्यात व्हते, लय आजारी. फोनवर आदी कलमाचंच इचारायचे. म्या देवीच्या ओटीतल्या महाळुंगाच्या बिया तुळशीपाशी टाकल्या व्हत्या. त्यातलं एक रोप काढलं आन तिथं लावलं. हे घरी आले, झाड बगून उटून बसले. सगळ्या गावाला सांगत सुटले. मंग मी काय सांगणार?"

"म्हणजे बीचं झाड आहे?" सरांनी विचारलं.

"बीचं हाय. पर यांनला कळू देऊ नका. लेकाचं काम व्हावं म्हून सांगितलं. यांच्या जिवाला लय लागंल."

"माझ्याकडून कळणार नाही," सर म्हणाले.

योगीराज आईकडे बघत राहिला. लहानपणी या झाडाखाली अण्णांनी त्याला कलम कसं बांधायचं हे निदान शंभर वेळा शिकवलं होतं आणि आई दरवेळी ताकाचा तांब्या घेऊन शेजारी उभी राहायची.

बाहेर येऊन सरांनी पुन्हा एकदा झाडाकडे बघितलं. "मी विचार केला," ते म्हणाले. "फळ चालेल."

"पर कलमाचं?" महारुद्रने विचारलं.

"चालेल," सर म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची सोय नव्हती, त्यामुळे ते एवढ्यावरच थांबले. अवीवाने तोंड उघडलं तेव्हा, "ठाण्याला गेल्यावर," असंही म्हणाले. गावाने आपल्यापुरता निकाल लावून टाकला, की अण्णांचं कलम इतकं चोख आहे की नियमालासुद्धा मान तुकवावी लागली. महारुद्रने दोन फांद्या आत्ताच मागून ठेवल्या.

फळ काढलं, कापसात गुंडाळलं, डब्यात घातलं. डबा अवीवाच्या मांडीवर ठेवला. पार्वतीबाईंनी योगीराजच्या तोंडाला पुन्हा तेल लावून दिलं. जीप निघाली आणि फाट्यावर पोचते तोवर मागून मोटारसायकलवर बन्सीअण्णा आले. त्यांनी हात करून जीप थांबवली.

"सर, जरा तकलीफ देतो," खिडकीशी वाकून ते म्हणाले. "माज्या लेकाकडं बगून तुमी नेम मोडला. तसं करू नका. देवाचं काम हाय. ते झाड कलमी न्हाई."

अण्णा खिडकीच्या आणखी जवळ आले.

"मला दुसऱ्याच वर्षी कळलं व्हतं. कलमाच्या झाडाला एवढे काटे येतेत व्हय? पर मी आजारी असताना तिनं ते माज्यासाटी लावलं. इतकी वर्षं जपलं. मी खरं बोललो असतो तर तिला किती वाईट वाटलं असतं. म्हून मंग मी कलमवाला झालो." त्यांनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. "मगाशी ती समोर उभी व्हती, कसं बोलणार? फळ बिनघोर वापरा. फक्त तिला कळू देऊ नका."

"माझ्याकडून कळणार नाही," सर म्हणाले.

अण्णांनी योगीराजच्या सुजलेल्या गालाकडे बघितलं, बिब्ब्याला हात लावू नये एवढं बी कळत न्हाई का मास्तर, असं म्हणाले आणि गेले. जीप परभणीच्या रस्त्याला लागली. योगीराजला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि तोंड दोन्हीला तयार नव्हतं.

"योगीराज सर," झिराडकर सर म्हणाले, "दिवाळीनंतरच्या बैठकीत तुमचा विषय मीच काढणार आहे. आणि तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघरातून निघाल्यापासून मला एक गोष्ट टोचत होती. तोरा सांगते, एका साक्षीवर गोष्ट ठरवू नये, दोन पाहिजेत. आता दोन झाल्या. त्याही एकमेकांना न विचारता."

"पण सर," मागच्या सीटवरून अवीवा म्हणाली, "ते नवरा-बायको आहेत. नातेवाइकांची साक्ष..."

"अवीवा," सर समोर बघत म्हणाले, "डबा नीट धर."