रजेवरचे दोन सूर

आमच्या गल्लीत येणारा भाजीवाला सुरात ओरडतो. हौसेनं नाही, भीतीनं. आधी तो सगळ्या भाजीवाल्यांसारखाच "मेथीऽऽ घ्या मेथी" असं वाट्टेल तसं ओरडायचा. एके दिवशी खिल्लारे सिस्टर गेट उघडून बाहेर आल्या, त्याचा गाडा धरला आणि म्हणाल्या, "मेथी चांगली हाय. पण तो 'घ्या' जरा खाली घे. हा सूर आपल्या गल्लीत चालत न्हाई."

त्या बिचाऱ्याला वाटलं, नगरपालिकेचा काही नवा नियम निघाला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, मंग कोनता चालते?"

सिस्टरनं गेटात उभं राहून त्याला ओरडायला शिकवलं. मी वरच्या गॅलरीत दात घासत होतो. ब्रश तोंडातच राहिला.

मी त्यांचा भाडेकरू. सेनगावकडच्या एका तांड्यातला, आणि तांड्यातला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम. हे मी सगळीकडे सांगतो, म्हणून इथंही सांगितलं. हिंगोलीच्या मोंढ्यात एका हळदीच्या अडत दुकानावर कामाला आहे. खोली बघायला आलो तेव्हा दलाल म्हणाला होता, "घरमालकीण रिटायर नर्सबाई आहेत. एकदम शांत घर." मी सामान घेऊन पोचलो तर ओसरीवर नऊवारी नेसलेल्या, पांढऱ्या केसांच्या, चष्म्याला दोरी लावलेल्या बाई मांडीवर लालभडक इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसलेल्या. शेजारी स्पीकरचा डबा घुमत होता आणि त्यावर तुरीची डाळ वाळत घातली होती. मला वाटलं, पत्ता चुकला.

"चुकला न्हाईस," सिस्टर म्हणाल्या. "चप्पल तिकडं काढ. आन् हे सांग, तुह्या गाडीचा हॉर्न कसा वाजते?"

गिटार त्यांच्या पोराची. तो कॉलेजात असताना तिचा नाद लागला, नोकरीला पुण्याला गेला तसा सुटला. गिटार कपाटावर पडून होती. सिस्टरनं ती खाली काढली, पुसली आणि मोबाइलवर कुणा गोऱ्या मास्तरचे व्हिडिओ बघून शिकल्या. इंग्रजी सगळी कळायची नाही. "बोटं तं दिसतात ना त्याचे?" असं त्यांचं म्हणणं.

त्या गिटारचा गळा पाहून मी पहिल्या दिवशीच हबकलो होतो. त्यावर जांभळे ठिपके. जखमेला लावायचं जांभळं औषध त्यांनी कापसाच्या बोळ्यानं लावलेलं. जिथं ठिपका तिथंच बोट ठेवायचं. बाकीच्या जागांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी.

"मावशी, हे बँडेज कशाला?"

"पाच सूर कामावर हायेत. सा, रे, ग, प, ध. म आन् नि रजेवर."

"किती दिवस रजा?"

"बेमुदत."

व्हिडिओतला मास्तर याला पेंटॅटॉनिक म्हणतो, आणि त्याच्यापुढचं प्रकरण म्हणजे मोडल. ते मला सिस्टरनं असं समजावलं: "माही नोकरी सगळी बदल्यांची. आज सेनगाव, उद्या कनेरगाव नाका, परवा आनखी कुठं. संगं पाच भांडे. सेनगावला चूल दाराजवळ होती तं कढई पुढं, घागर मागं. कनेरगावला पानी अंगणात, तं घागर पुढं आली. भांडे तेच, पन येनाऱ्याला वाटायचं, हे घरच येगळं. तसं हे. सामान तेच, बिऱ्हाड नवं."

मग त्या अंगठ्यानं सगळ्यात जाड तारेवर एक सूर धरून ठेवायच्या. हे घर. वर तेच पाच सूर फिरवायच्या. वरातीत नाचावं असं काहीतरी वाजायचं. मग अंगठा दुसऱ्या सुरावर न्यायच्या. वरचे सूर तेच, एक इकडचा तिकडं नाही, आणि अचानक असं वाटायचं की कुणाला तरी गाडीत बसवून आपण फाट्यावरून एकटे परत निघालोय. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण अंगावर काटा यायचा तो यायचाच.

"आधीच ठरवून कुठं जायाचं न्हाई," त्या म्हणायच्या. "घर कुठं हाय तेवढं पक्कं. मंग बोटं कुठंबी फिरू दे, उपाशी मरत न्हाईत."

एकदा माझी याडी, म्हणजे आई, तांड्यावरून मला भेटायला आली. मी मोंढ्यातून परत येतो तर याडी सिस्टरच्या ओसरीवर डोळे मिटून लग्नातलं गाणं म्हणतेय आणि सिस्टर गिटारवर तिच्यामागं पळतायत. याडी उभ्या आयुष्यात माझ्या कॉलेजच्या गॅदरिंगलाही लाजून मागं बसली होती. मी जिन्यातच बसलो. सिस्टर ओरडल्या, "ग्रॅज्युएट! तुही माय पाचातच गाते! दोन सूर तुमच्या तांड्यावर बी रजेवर हायेत!" याडीला तो सत्कार वाटला. जाताना ती मला म्हणाली, "या बाईचं ऐकत जा."

मी ऐकलं नाही ते फक्त हॉर्नच्या बाबतीत. माझ्या मोटारसायकलचा हॉर्न म्हणे नेमका 'नि' वाजायचा. "बदल तो," हे त्यांचं रोजचं. मी एकदा स्पष्ट सांगितलं, "मावशी, मी बी.कॉम. आहे. हॉर्न बेसूर आहे म्हणून बदलला, हे मी लोकाला कसं सांगू?"

त्यांनी मान वळवून नुसतं खिडकीकडं बघितलं.

खिडकीत किसनराव बसलेले असायचे, सिस्टरचे मालक. एकेकाळी आमच्या भागात त्यांची गायन पार्टी नावाजलेली. विहारात गायला उभे राहिले की आवाज रेल्वे फाटकापर्यंत जायचा, असं लोक सांगतात. मग लकवा झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. दिवसभर खिडकीतल्या खुर्चीवर बसून गल्ली बघायचे. मी येता-जाता नमस्कार करायचो. त्यांना काही कळत नसावं, असा माझा समज होता.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तशी ओसरीवर भांडणं सुरू झाली. पार्टी आता भगवान मास्तर चालवायचे. पेटी वाजवणारे, तापट, पण किसनरावांच्या हाताखाली तयार झालेले. सिस्टरनं त्यांना निरोप धाडला होता: पौर्णिमेला विहारात मला स्टेजवर बसायचंय, गिटार घेऊन. आणि खुर्च्या दोन पाहिजेत.

"वहिनी, लोक काय म्हनतील?" मास्तर चहा फुंकत म्हणाले. "आन् वाजवायचीच तं सात सूर तरी वाजवा. पाच सुरांत कुठं कार्यक्रम होतो?"

"व्हते."

"बरं, कोपऱ्यात एक खुर्ची देतो."

"दोन."

"दुसरी काहून पाहिजे? त्या डब्याला? डबा खाली ठिवा की."

"डबा खालीच ऱ्हाईल. खुर्च्या दोन. मास्तर, आजवर काही मागितलं न्हाई तुमाला. ह्या पौर्णिमेला न्हाई बसलो तं पुढच्या पौर्णिमेचा भरवसा न्हाई." शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला. सुईला घाबरणाऱ्या अख्ख्या गावाला दटावणारी बाई. मास्तरनं कप खाली ठेवला.

"ठीक हाय. एक गानं. तुमचा हट्ट म्हनून."

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराचं पटांगण भरलेलं. मीही गेलो. स्टेजवर पेटी, ढोलकी, कोरस आणि कडेला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. ऑटो थेट स्टेजपाशी आला. आधी गिटार उतरली, मग डबा, मग सिस्टर. मग सिस्टरनं आत वाकून किसनरावांना काखेत हात घालून उतरवलं. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, केसाला तेल.

 मास्तर पेटीवरून अर्धे उठले. "वहिनी, दादाला काहून आनलं? माईकसमोर? लोक हसतील त्यांना."

"तुमी वाजवा. तुमचं ठरलेलं वाजवा."

गाणं किसनरावांचंच होतं, त्यांनीच रचलेलं, पावलं आपोआप पडावीत असं. पेटी वाजली, ढोलकी लागली. कोरस एक फेरी गाऊन थांबला. सिस्टरनं माईक वाकडा करून त्यांच्या तोंडाशी आणला.

किसनरावांनी तोंड उघडलं. मी माझ्या खुर्चीचा हात घट्ट धरला. सूर निघाला, पण भलत्याच ठिकाणाहून, पेटीच्या बराच खालून. पुढच्या रांगेतल्या एकानं मान खाली घातली. मास्तरनं हात वर केला, "थांबा, थांबा..."

सिस्टर थांबल्या नाहीत. त्यांचा अंगठा जाड तारेवरून सरकला आणि किसनराव जिथं बसले होते त्याच सुरावर येऊन टेकला. वर तेच पाच सूर. आणि जे चुकलेलं वाटत होतं ते चुकलेलं राहिलंच नाही. पावलं पडायचं गाणं होतं, ते लेकराला थोपटायचं झालं. ढोलकीवाल्यानं आपोआप हात हलका केला. किसनराव गात होते. शब्द अर्धेमुर्धे, पण सूर एकही खोटा नाही. मास्तरनं डोळे मिटले, पेटीवर चाचपडत तो नवा सूर शोधला आणि आपल्या उस्तादाच्या मागून चालू लागले.

एक कडवं झालं. मग आवाज थकला आणि थांबला. मी जन्मात इतका हादरलो नव्हतो. टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

नंतर मी डबा उचलून ऑटोत ठेवत होतो. सिस्टर वायर गुंडाळत होत्या.

"मावशी, त्यांना गाता येतं?"

"बोलनं गेलं रे, गानं न्हाई गेलं. पन गळ्यात पाचच उरले. बाकीचे दोन लागत न्हाईत त्यांना. दिवसभर खिडकीत जे ऐकू येते ते म्हनून बघतात, बारीक आवाजात. भाजीवाला, भंगारवाला, सगळं. अन् न लागनारा सूर आला, की चांगल्या हातानं कपाळ बडवून घेतात." वायरीची गाठ त्यांना सुटेना. "सुरुवात रोज कुठूनबी करतात. मंग ते बसतील तिथं मी घर मांडते. त्याच्यासाठीच तं शिकले. नाहीतर मला काय करायचं व्हतं या वयात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोंढ्यातून निघालो तो सरळ गॅरेजवर.

"हॉर्न बदलायचाय."

"खराब झाला काय?"

"नाही. चांगला वाजतो."

मेकॅनिकनं माझ्याकडं बघितलं. मी सिस्टरला फोन लावून धरला आणि त्याला म्हणालो, असतील तेवढे वाजवून दाखव. त्यानं वाजवला. फोनमधून आवाज आला, "न्हाई, दुसरा." पुन्हा वाजवला. "ह्यो चपटा हाय, दुसरा." लुगडी बघावीत तसं चाललं. आजूबाजूला माणसं जमली. एकानं विचारलं, "काय भानगड आहे?" मी छाती काढून सांगितलं, "मी बी.कॉम. आहे. हॉर्न सुरात पाहिजे मला."

शेवटी एक हॉर्न वाजला आणि सिस्टर म्हणाल्या, "हां. हा धैवत. घे."

गल्लीत शिरलो. किसनराव खिडकीत होते. गेटापाशी थांबलो आणि हॉर्न दिला.

 मग खिडकीतून, बारीक पण नेमका, तोच सूर परत आला.

आत कुठंतरी जाड तार वाजली. गेट उघडंच होतं, वाटेत कुणी नव्हतं. तरी मी आणखी एकदा हॉर्न दिला.