विहिरीची आतून पाहणी

सन १९६८च्या मार्च महिन्यात बालाघाटच्या तेजराम मेश्राम या तरुणास टपालाने एक प्रपत्र प्राप्त झाले. तो टपालानेच पत्रकारिता शिकत होता, आणि शेवटची परीक्षा म्हणून संस्थेने त्याला स्वतःच्या बातमीलेखनातला एक गुण आणि एक दोष कळवायला सांगितलं होतं. खाली बारीक टाइपात नियम होता: गुणाखाली संबंधित बातमीतल्या प्रमुख व्यक्तीची सही व शिक्का, दोषाखाली एका वाचकाची सही. सही नसलेला गुण दोष समजण्यात येईल.

तेजरामला नियम वाजवी वाटला. नियम छापील असला की त्याला तो पटायचाच.

सांगण्यासारखा त्याच्याकडे एकच गुण होता. तो पाहिलेलं लिहायचा. पुरावा म्हणून 'सीमाप्रभा' साप्ताहिकातलं चार ओळींचं कात्रण होतं. हे साप्ताहिक गोंदियाला छापलं जाई आणि राजेगावमार्गे बसच्या टपावरून बालाघाटात येई. वॉर्डातल्या विहिरीचा कठडा पोळ्याच्या सुमारास ढासळला, आणि तेव्हापासून बायका उघड्या काठावर उभ्या राहून पाणी शेंदतात, असं त्यात म्हटलं होतं. त्या बायकांत त्याची आई शेवंताबाई होती. तिच्या डाव्या गुडघ्याचा भरवसा राहिला नव्हता, आणि सकाळी ती बादली घेऊन निघाली की ती परतेपर्यंत तेजराम दारातून हलायचा नाही. बातमीत हे नव्हतं, पण बातमी लिहिली होती ती एवढ्यासाठीच.

आता या बातमीतली प्रमुख व्यक्ती कोण? कठड्याकडे शिक्का नव्हता. शिक्का होता वॉर्ड सुधार समितीचे अध्यक्ष दुलीचंदसाहेब यांच्याकडे. साहेबांनी कात्रण दोनदा वाचलं, उलटं करून मागची खोकल्याच्या औषधाची जाहिरातही वाचली, आणि यात आपलं नावच नाही तर आपण प्रमुख कसे, अशी रास्त शंका काढली. शिवाय समितीच्या दप्तरात कठडा अजून उभा होता. पडल्याचा अर्ज आल्याशिवाय त्याला पडता येत नव्हतं.

"पाह्यलेलं त कोणीही लिहिते," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "हा गुण नाही, दोष हाये. आपण एक समारंभ करू. तू नावं लिही, मंग मी ठप्पा मारतो."

कठडा नसल्यामुळे समारंभ कठडा-संकल्पाचा ठरला. ठरल्या दिवशी विहिरीपाशी मांडव घातला गेला आणि बेचाळीस मान्यवर जमले. बातमीच्या शेवटी 'प्रामुख्याने उपस्थित होते' म्हणून जी यादी येते, तिच्यात मागे उभा असलेला माणूस येत नाही, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यामुळे बेचाळीसही जण पुढे आले आणि विहिरीच्या काठावर खांद्याला खांदा लावून गोल उभे राहिले. बोट घालायला फट उरली नाही.

शेवंताबाई लांबून पाहत होती. "हे रोज सकायी असेच उभे राह्यले," ती म्हणाली, "त मले कठडा नाही पायजे."

फीत बांधायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती दोन मान्यवरांच्या हाती देऊन विहिरीच्या तोंडावर आडवी धरली होती. साहेब कात्री घेऊन वाकले. त्याच क्षणी दोन्ही बाजूंचे मान्यवर यादीत येण्यासाठी तसूभर त्यांच्याकडे सरकले. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबल्यावर साहेब कुठे दिसेनात.

पाणी छातीभरच होतं. शेवंताबाईने बादलीचा दोर सोडला, दहाबारा मान्यवरांनी तो ओढला, आणि साहेब कात्रीसकट वर आले. तेजरामला त्यांची काळजी वाटली, पण खोटं कशाला सांगा, त्याहून जास्त आनंद झाला. आता बातमीत प्रमुख व्यक्ती होती, पुरावा टपटप गळत समोर उभा होता, आणि कठडा बांधल्यावाचून कुणाची सुटका नव्हती. त्याने तिथेच वहीत लिहिलं, 'कठड्याअभावी अध्यक्ष विहिरीत पडले', आणि नियमाप्रमाणे सहीसाठी वही पुढे केली.

"मी पडलो नाही," साहेब कानातलं पाणी झटकत म्हणाले. "मी अंदरून पाहणी केली. लिहून घे, विहीर एकदम मजबूत हाये. असल्या विहिरीले कठडा लागत नाही."

प्रपत्र पाठवायला चार दिवस उरले होते. प्रमाणपत्राशिवाय 'सीमाप्रभा' त्याला वार्ताहर म्हणून घेणार नव्हतं. तेजरामने आईकडे पाहिलं. ती दोराचं वेटोळं करत होती. त्याने मान खाली घातली आणि ओळ खोडली. साहेबांनी प्रपत्रात गुणाखाली सही केली, शिक्का मारला आणि फुंकर घालून वाळवलाही.

'अध्यक्षांकडून विहिरीची आतून सखोल पाहणी' ही बातमी छापलेला अंक बसस्टँडवर तासाभरात संपला. पुढच्या आठवड्यात वाचकांची एकोणीस पत्रं आली. अठरा जणांची नावं यादीतून सुटली होती, आणि एकाचं सतरावं छापलं होतं, जे त्याच्या मते नववं हवं होतं. पत्रांत कठड्याचा शब्द नव्हता.

"काहून रे, मंग कठडा कवा बांधून राह्यले?" शेवंताबाईने विचारलं.

तेजरामने तिला बातमी वाचून दाखवली.

"हौ," ती म्हणाली. "पेपरात आलं त खरंच असन." आणि बादली उचलून निघाली.

तेजराम तिच्या मागोमाग गेला. त्या दिवसापासून रोज सकाळी तिचं पाणी शेंदून होईपर्यंत तो तिच्या आणि विहिरीच्या मधे, अगदी काठावर, उभा राहतो. समितीने येऊन प्रत्यक्ष पाहणी केली, यावेळी बाहेरून, आणि दप्तरात कठडा उभाच असल्याची नोंद घेतली.

प्रपत्र मात्र मुदत उलटली तरी अजून त्याच्या खिशात आहे. दोषाच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, 'वाचकाला विहिरीची काळजी असते, असा माझा समज होता.' खाली वाचकाची सही हवी. त्याने गावभर विचारलं, पण या वाक्याखाली सही करायला कुणी तयार होईना. वाचकहो, आपण इथवर वाचलंच आहे, तर ही सही आपणच करावी. यादीत आपलं नाव आहे का, ते नंतर पाहता येईल.