पुंडलिककाकांचा आरसा

पुंडलिककाका कोणाच्याही घरी गेले, की पाण्याचा गिलास हातात येण्याआधी विचारतात, "बाथरूम कुठी हाय?" नवख्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला साखर असेल. पण दार लागलं, की आतून पाण्याचा आवाज येतच नाही. येतो तो काचेवर कापड घासल्याचा आवाज. चांगला वेळ घासून झालं, की काका बाहेर येतात, फडकं सदऱ्याच्या खिशात कोंबतात आणि घरच्या बाईला सुनावतात, "आरशाले किती पांढरं चढू देल्लं वं माय! जाऊन पाह्य आता. तोंड कसं सोळा आणे दिसते!"

आम्ही त्यांचे शेजारी. भिंतीला भिंत. त्यामुळे आमचा आरसा म्हणजे काकांचं माहेरच.

आता खरं सांगायचं तर आमच्या वडनेर भोलजीत आरसा पुसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या बोअरचं पाणी असं खारं, की साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही आणि नळाच्या तोटीला पांढरी दाढी फुटते. आरशावर शिंतोडे उडाले, वाळले, की झालं. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा पीठ उधळल्यासारखा. आम्ही बायकांनी तो नाद कधीच सोडला. रोज तेच ते तोंड स्वच्छ बघून तरी काय दिवे लागणार आहेत?

पण काकांना हे कोण सांगणार! काकांनी उभा जन्म एस.टी. चालवली. "पुढचं पाहाले काच अन् मांगचं पाहाले आरसा," असं ते म्हणत. त्यामुळे गावानं कारण ठरवूनच टाकलं होतं. नोकरी गेली, खोड गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना.

बरं, पुसायची रीतही एक नाही. कधी अर्धं लिंबू घेऊन यायचे, कधी चिंचेचा कोळ, कधी चुलीतली राख. एकदा तर ताक आणलं. आमच्या बाथरूमला पुढे दोन दिवस कढीचा वास येत होता, आणि आमचे हे आंघोळ करून आले की भूक लागल्याचं सांगायचे.

माझ्या भाच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही धामणगाव बढ्याला गेलो. बैठकीत एखादं वडीलधारं माणूस शोभतं, म्हणून काकांना सोबत नेलं. पोहे आले, मुलगी आली, प्रश्न विचारायची वेळ आली आणि वडीलधारं माणूस गायब! मुलीचे वडील घाबरले. त्यांना वाटलं, पाव्हण्यांना पोहे बाधले. तेवढ्यात काका आतून आले आणि मुलीला काही विचारायचं सोडून थेट तिच्या आईला म्हणाले, "बाई, तुमी आरसा कायनं पुसता?"

"कायनं म्हणजे? वल्ल्या फडक्यानं," ती बिचारी गोंधळून म्हणाली. "आमच्या विहिरीचं पाणी गोडं हाय ना, भाऊ."

काकांचं तोंड एवढंसं झालं. पुढे लग्न जमलं. लग्नाहून सगळे बुंदीचे पुडे घेऊन परतले आणि काका त्या विहिरीच्या पाण्याची कॅन मांडीवर घेऊन गाडीत बसले. अख्खी गाडी हसली. मी सगळ्यात जास्त हसले.

त्या लग्नाला काकांच्या पत्नी सिंधूकाकू आल्या नव्हत्या. काकू अलीकडे कुठेच दिसत नसत. विचारलं तर काका म्हणायचे, "मजेत हाय ते. बहिणीसंगं गोठी करून राह्यली." मला वाटायचं, फोनवर बोलत असतील. मला तर हेवाच वाटायचा. आमची बहीण फोन करते तो मिरच्यांचा भाव विचारायला.

गेल्या उन्हाळ्यात मात्र काकांनी हद्द केली. मी बाजारातून आले, पिशवी टेकवली, हातपाय धुवायला गेले आणि आरशात पाहते तर मला हनुवटीच नाही! खालच्या अंगाचा सगळा पारा उडालेला, काळे ओघळ आलेले. शेजारी काका बाटली घेऊन उभे. बाटलीत काय, तर बॅटरीचं पाणी!

"काका, हे गाडीत टाकतात! ॲसिड असतं ते!"

"थोडकंसंच घेतलं वं पोरी. पांढरं तं गेलं, पण काठानं मांगं उतरलं वाट्टे." मग आरशाकडे निरखून बघत ते म्हणाले, "बरं झालं बाप्पा, तुह्याच आरशावर करून पाह्यलं."

बरं झालं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काका गेले, पण माझं तोंड आवरेना. आज याचा सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून मी तरातरा त्यांच्या घरात शिरले.

आतून हसण्याचा आवाज येत होता. बाथरूमचं दार सताड उघडं. बेसिनसमोर प्लास्टिकच्या स्टुलावर सिंधूकाकू बसल्या होत्या आणि आरशाला म्हणत होत्या, "काऊन वं कुसुम, जेवली का नाई? लयच वाळली तू. सासू खाऊ नाई देत का तुले?"

काकांनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं.

"कुसुम तिची लहानी बहीण," ते हळू आवाजात म्हणाले. "जाऊन लय वर्सं झाले. आता हिले पोराचं नाव आठवत नाई, जेवली का नाई आठवत नाई. पन त्या आरशात कुसुम भेटते. पांढरं चढलं का रडाले लागते. म्हणते, कुसुमचं तोंड पांढरंफटक पडलं, तिले दवाखान्यात न्या. मंग घास घेत नाई."

"मग नवा आरसा आणा ना, काका."

"आणला ना. नांदुऱ्याहून आणला, लावला. त्यात कुसुम आलीच नाई. दिवसभर दारात वाट पाहात बसली, पान्याचा थेंब घेतला नाई. मंग जुनाच लावला. आता हा एकच हाय, पोरी. याच्यावर उलटसुलट काई लावलं अन् बिघडला, तं कुसुम दुसऱ्यांदा मरन. म्हणून आंधी तुमच्या घरी करून पाह्यतो."

लिंबू, चिंच, राख, ताक. ती पाण्याची कॅनसुद्धा. त्या पाण्यानं काकूंना आंघोळ घातली, की आरसा स्वच्छ राहायचा, असं त्यांनी सांगितलं. मी उगाच गॅसजवळचा ओटा पुसत राहिले.

काकांनी ताट वाढलं. पोळी कुस्करून त्यावर वरण घातलं. ताट घेऊन ते बाथरूमच्या दारात गेले आणि काकूंच्या मागे उभे राहिले. आरशात दोघांची तोंडं दिसू लागली.

काकूंनी घाईनं पदर सावरला आणि हळूच आरशाला विचारलं, "कुसुम, हे मांगं कोन उभे हायेत वं? तुहे मालक का?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

"हाव," काका म्हणाले.

काकूंना आनंद झाला. लाजून, मान खाली घालून त्या म्हणाल्या, "जवाईबापू, आमचे हे कुठी भेटले तं सांगजा, घरी या म्हणा. मी जेवाची थांबली हावो त्यायच्यासाठी."

"सांगतो, ताई," काका म्हणाले. "पन त्याले आज उशीर होईन. तुमी जेवून घ्या."