टिटवीने सांगितलेली नेमकी जागा

एका जंगलात एक माकड होतं. कोणत्या जंगलात, असं लगेच विचारायचं नाही. गोष्ट ऐकायची असेल तर हात खाली ठेवा.

तर हे माकड, नाव दामूअण्णा, उन्हाळाभर शहरात राहून आलं. तिथे इंग्रजीच्या एका क्लासच्या खिडकीबाहेर आंब्याचं झाड होतं. आंबे होते तोवर दामूअण्णा खिडकीशी होते. आंबे संपले, तसं शिक्षणही संपलं. परत येताना ते एक शब्द घेऊन आले. 'एक्झॅक्टली.'

"अर्थ काय हो अण्णा याचा?" जनावरांनी विचारलं.

"तंतोतंत. अगदी नेमकं."

"आणि वापरायचा कसा?"

"समोरचा काहीही बोलला, की मान हलवायची आणि म्हणून टाकायचा."

जंगलाला शब्द फार आवडला. पूर्वी कुणी बोललं की ऐकावं लागायचं. आता ती कटकट गेली. ससा म्हणाला, "यंदा गवत कमी आहे." हरीण म्हणालं, "एक्झॅक्टली." मग हरीण म्हणालं, "यंदा गवत भरपूर आहे." ससा म्हणाला, "एक्झॅक्टली." दोघंही खूश होऊन घरी गेले. हसताय काय? तुमच्या घरची मोठी माणसं फोनवर काय बोलतात ते जरा ऐका.

त्याच जंगलात, तळ्याजवळच्या माळावर, सुंद्राबाई टिटवी राहायच्या. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या माळावर खड्यांमध्येच अंडी घालते, आणि अंडीही खड्यांसारखीच दिसतात. बाईंनी चार अंडी घातली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की गव्यांचा कळप रोज संध्याकाळी याच माळावरून पाण्याला जातो.

कळपाचे म्होरके होते आबासाहेब. बाई तडक त्यांच्याकडे गेल्या.

"आबासाहेब, एक विनंती होती. तो वाकडा पळस आहे ना, त्याच्या डाव्या अंगाला चपटा दगड आहे. त्याला लागूनच माझी अंडी आहेत. तेवढं पाऊल जपून टाकायला सांगा सगळ्यांना."

"एक्झॅक्टली," आबासाहेब म्हणाले आणि मान हलवली.

बाईंना वाटलं, किती भला गवा. संध्याकाळी कळप आला तो थेट चपट्या दगडावरून. एक खूर अंड्यांना चाटून गेला. बाईंचा जीव अर्धा झाला.

"तुम्ही पुरेसं नेमकं सांगितलं नसेल," दामूअण्णा झाडावरून म्हणाले.

म्हणून बाईंनी अंड्यांभोवती पांढऱ्या खड्यांचं रिंगण केलं. आबासाहेबांना तिथवर घेऊन आल्या आणि चोचीने दाखवलं. "ही बघा. ही चार."

"एक्झॅक्टली, एक्झॅक्टली," आबासाहेब म्हणाले. दोनदा म्हणाले, म्हणून बाईंची आशाही दुप्पट झाली.

संध्याकाळी पांढरे खडे माळभर उधळले. एक अंडं घरंगळून लांब गेलं. बाईंनी ते हळूहळू लोटत परत आणलं. आत जीव आहे का, ते कान लावून पाहिलं. होता. मग मात्र त्यांना रडू आवरेना.

तिसऱ्या दिवशी बाई कुणाकडे गेल्याच नाहीत. कळप माळाशी आला. आबासाहेबांनी जाता जाता सौजन्य म्हणून विचारलं, "काय सुंद्राबाई, नेमकी कुठं म्हणालात अंडी?" मान हलवायच्या तयारीतच होती.

बाईंचं डोकंच फिरलं. "मला काय ठाऊक! असतील इथंच कुठंतरी. इथं असतील, तिकडं असतील, तुमच्या पायाखाली असतील." आणि त्या माळभर ओरडत धावत सुटल्या.

आबासाहेबांनी तोंड उघडलं. पण नेमकं काहीच सांगितलं नव्हतं, तर 'एक्झॅक्टली' म्हणायचं तरी कशाला? उचललेला खूर खाली टेकवायचा धीर होईना. अंड्यावर पाय पडला की घसरायला होतं, आणि चारचौघांत घसरलेल्या म्होरक्याला कळपात कोण विचारतो?

"कुठंतरी म्हणजे सगळीकडेच की," ते पुटपुटले आणि मागे वळले. कळप ओढ्याच्या लांबच्या वाटेने पाण्याला गेला. पुढे रोज तिकडूनच जाऊ लागला.

चारही पिल्लं सुखरूप बाहेर आली. बाईंनी थाटात बारसं केलं. आबासाहेब आले, पोटभर घुगऱ्या खाल्ल्या, पिल्लांचं कौतुक केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता तरी सांगा बाई, होती कुठं नेमकी? लांबच्या वाटेने आमच्या पोरांचे पाय दुखतात हो."

बाईंनी त्या जागेकडे चुकूनही पाहिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अंडी घालायची होती.

"काय सांगू आबासाहेब, इथंच कुठंतरी होती," त्या म्हणाल्या आणि त्यांना आणखी घुगऱ्या वाढल्या.

तात्पर्य, पण हे शाळेत सांगू नका: नेमकं सांगितलं, की काळजी आपली आपल्यापाशीच राहते. मोघम सांगून आरडाओरडा केला, की ती समोरच्याची होते.