बेनीकाकांचं तिसरं कडवं

बेनीकाका "आलो, आलो!" म्हणाले की खुशाल समजावं, हा माणूस अजून आंघोळीलासुद्धा गेलेला नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये तीन वर्षं रोज सकाळी साडेसातला उभा राहून मी हे ऐकलं आहे. जानेवारीत, नाक जागेवर आहे की गळून पडलं हे हात लावून बघावं लागतं अशा थंडीत ऐकलं आहे. मी खालून ओरडायचो, "काका, आलात का?" दुसऱ्या मजल्यावरची खिडकी चार बोटं उघडायची, आतून "आलो, आलो!" यायचं आणि मग बाथरूमचा दिवा लागायचा. मराठी माणूस जागचा हलण्याआधी 'आलो' म्हणतो हे मला मान्य आहे. मीही म्हणतो. पण त्याला काही सुमार?

तरी मी थांबायचो, कारण गाडी त्यांची होती. २००३ साली मी पुण्याहून इथल्या एका औषध कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आलो. आमच्याकडे एकच गाडी आणि ती बायकोला लागायची. बेनीकाका त्याच कंपनीत इमारतीची देखभाल बघायचे. कुठल्या मजल्यावर हीटिंग बंद पडलंय हे त्यांना तिथल्या लोकांच्या तोंडावरून कळायचं.

पूर्ण नाव बेंजामिन थळकर. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. अलिबागजवळच्या थळचे. एकोणिसाव्या वर्षी आईवडिलांना मागे ठेवून इस्रायलला गेले, तिथं सैन्यात स्वयंपाकी झाले, नंतर न्यू जर्सीत आले. त्यांचं मराठी ते थळहून निघाले तेव्हा जसं होतं तसंच राहिलं होतं. आम्ही 'कॅन्सल केलं' म्हणायचो आणि हे 'रहित केलं' म्हणायचे. मला मात्र त्यांनी नावानं कधीच हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी 'पुणेकर'.

गाडीत बसलो की ते कॅसेट लावायचे. तीन वर्षं एकच कॅसेट आणि तिच्यावर एकच गाणं, हिब्रू, एका बाईनं अतिशय गंभीर आवाजात गायलेलं, मागे व्हायोलिन. गाणं सुरू झालं की काकांचं त्या बाईशी भांडण सुरू.

"ऐक, ऐक, पुणेकर! कशी ओढत्येय बघ! अगो बाई, चाल जरा! पाय मोडले काय तुझे?" स्टिअरिंगवर थाप. "फास्ट! फास्ट गाणं आहे ते!" रूट ४६ वर बाजूच्या गाडीतले लोक आमच्याकडे बघायचे. मी एकदा म्हटलं, "काका, इतका त्रास होतो तर बंद करा ना यार." तर मलाच म्हणाले, "बंद करू? माझ्या दोस्ताचं गाणं आहे ते!"

तेव्हा मला ती सगळी हकीकत कळली, आणि एकदा कळल्यावर मग ती दर आठवड्याला कळत राहिली.

इलान नावाचा एक पोरगा काकांच्या तुकडीत होता. ह्याला गाणी रचायचा नाद. रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडायचा, त्यावर गाणं लिहायचा आणि संध्याकाळी तेच गाणं डब्याच्या ठेक्यावर सगळ्यांना म्हणायला लावायचा. त्र्याहत्तरच्या युद्धात तो गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या आईनं ते पुठ्ठे जपून ठेवले होते, त्यांचं पुस्तक निघालं. कुणा संगीतकारानं त्यातल्या एका गाण्याला नवी चाल लावली आणि बघता बघता ते गाणं देशाचं झालं. शाळेत शिकवतात. रेडिओवर लागतं. स्मृतिदिनाला, युद्धात गेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी, ते म्हणताना लोक उभे राहतात आणि डोळे पुसतात.

"आणि ते गाणं कशावर आहे सांगू तुला?" काका मला विचारायचे, रागानं नाकपुड्या फुगवून. "बुटात गेलेल्या वाळूवर! पहिलं कडवं वाळू. दुसरं कडवं, पोरगी पत्र लिहीत नाही. चालताना म्हणायचं गाणं आहे ते, पाय उचलायचं! आणि हे मेले उभे राहून रडतायत!"

इलानचा फोटोही फार प्रसिद्ध आहे म्हणे. डोळे पाणावलेले, नजर लांब कुठेतरी. त्याला मरण दिसत होतं, असं लोक म्हणतात. "मरण कसलं दिसतंय!" काका खेकसायचे. "माझ्या आईनं थळहून पार्सल धाडलं होतं, त्यातली लसणाची चटणी खाल्ली त्यानं. चमचाभर! मी नको नको म्हणत होतो. फोटो मीच काढलाय!"

मला आधी हसू यायचं. मग हळूहळू मलाही राग यायला लागला. चांगला हसरा, खादाड, टिंगलखोर पोरगा. त्याला लोकांनी पकडून भिंतीवर टांगलं आणि त्याचं हसणं काढून घेतलं. एवढं प्रेम करायचं तर तो होता तसा का नाही ठेवत?

खरा राग मात्र तिसऱ्या कडव्याचा होता. ते पुस्तकात नाहीच. गाळलं. गाण्याच्या गांभीर्याला शोभत नाही म्हणून. आणि त्या कडव्यात बेनीकाका होते!

तुकडी चालत निघाली की स्वयंपाकी बेनी नेहमी मागे. हाक मारली की हा सवयीनं मराठीतच ओरडणार, "आलो, आलो!" आणि पंधरा मिनिटं पत्ता नाही. इलाननं ह्याच्यावर कडवं केलं. त्यात तो गाऊन तीनदा विचारतो, "बेनी, अता बा?" म्हणजे, बेनी, येतोयस का? आणि तिन्ही वेळा बेनीनं मागून ओरडायचं, "आलो, आलो!" तिकडच्या वाळवंटात ती सगळी पोरं, पोलंडची, मोरोक्कोची, येमेनची, थळचा 'आलो' म्हणत चालायची.

म्हणजे एका देशाच्या सर्वांत लाडक्या गाण्यात एक मराठी शब्द होता आणि तो कुणीतरी शोभत नाही म्हणून काढून टाकला. मला इतका संताप आला की मी आमच्या मराठी मंडळात हा विषय काढला. तिथं गणपतीच्या जेवणात श्रीखंड ठेवायचं की गुलाबजाम ह्यावर वाद चालला होता. माझं कुणी ऐकलं नाही.

काकांनी प्रकाशकाला पत्रं लिहिली, रेडिओला लिहिली. तुकडीतल्या एकाला हैफाला फोन केला. तो म्हणाला, बेनी, मला तर गाणं स्लोच आठवतं. काका दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडीत एवढंच म्हणाले, "डब्यावर ठेका तो हैफावालाच धरायचा, पुणेकर. तोच. आणि त्याला आठवत नाही."

दरवर्षी स्मृतिदिनाला इथल्या सिनेगॉगच्या हॉलमध्ये संध्याकाळी कार्यक्रम असतो. शुलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका गाणी बसवतात. दरवर्षी ते गाणं सुरू झालं की काका मागच्या रांगेतून ओरडायचे, "फास्ट!" एका वर्षी तर म्हणाले, "हा काय मयताचा कार्यक्रम आहे?" आता तो मयताचाच कार्यक्रम होता. शुलाबाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "काका, लोकांची माणसं गेलेली असतात. त्यांना रडायचं असतं." काका म्हणाले, "रडू देत की. मी कुठं नको म्हणतोय? पण गाणं संपल्यावर रडा!"

२००६ साली शुलाबाईच थकल्या. म्हणाल्या, ठीक आहे, मिस्टर थळकर, ह्या वर्षी तुम्हीच म्हणा, तुमच्या पद्धतीनं, तिन्ही कडवी. काका त्या दिवशी इतके खूश की सकाळी दहाच मिनिटं उशिरा खाली आले. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "पुणेकर, तू इलान व्हायचं."

"काय?"

"तिसऱ्या कडव्याला दोन माणसं लागतात. एकानं हाक मारायची, एकानं ओ द्यायची. हाक तू मार."

"काका, मी आरतीशिवाय आयुष्यात काही गायलेलो नाही. आणि हिब्रू?"

"तीन शब्द आहेत. आणि रोज सकाळी खालून बोंबलतोस ते काय? तेच करायचं, फक्त सुरात."

काकांच्या मुलीचं नाव सुचवावं असं माझ्या मनात आलं होतं. ती पार दुसऱ्या किनाऱ्यावर बॉथेलला असते, बायोटेकमध्ये. पण तिला मराठी धड येत नाही आणि हिब्रू अजिबात नाही, आणि फोन केला तर "डॅड, कॅन आय कॉल यू बॅक?" म्हणते. काकू पाच वर्षांपूर्वीच गेलेल्या. काकांना दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं. म्हणून मी हो म्हटलं.

दोन आठवडे आम्ही गाडीत तालीम केली. मी "बेनी, अता बा?" म्हणायचो आणि काका म्हणायचे, "तू मला बोलावतोयस की हाकलतोयस?" पण गंमत म्हणजे माझीच हाक सुधारून घेण्यात वेळ जायचा. त्यांचा 'आलो' त्यांनी एकदाही म्हटला नाही. म्हणाले, मला कशाला प्रॅक्टिस, जन्मभर तेच केलंय.

कार्यक्रमाला शंभरेक माणसं होती. काकांनी पांढरा शर्ट घातला होता आणि घरून बिस्किटांचा रिकामा डबा आणला होता. ठेका सुरू झाला तसे लोक चमकले. पहिलं कडवं, वाळूचं, झपाट्यानं गेलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या कडव्याला एक म्हातारी पायानं ताल धरायला लागली आणि मला एकदम वाटलं, जमलं! इलान सुटला भिंतीवरून!

मग माझी पाळी. मी जीव खाऊन हाक मारली, "बेनी, अता बा?"

डबा थांबला. काका माझ्याकडे बघत होते. तोंड उघडलेलं, आवाज नाही. मला वाटलं, विसरले. मी पुन्हा म्हटलं, "बेनी, अता बा?" काहीच नाही. हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शुलाबाई उठून उभ्या राहिल्या. मला काय करावं कळेना. कडव्यात हाक तीनदा आहे, म्हणून तिसऱ्यांदा मारली. सूर पार गेला होता. पार्किंग लॉटमध्ये मारतो तशीच मारली.

"आलो," काका म्हणाले. एकदाच, आणि हळू. कुठल्याही चालीत नव्हतं ते.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या दिवशी वाजवत नाहीत. शुलाबाईंनी काकांच्या हातातला डबा घेतला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

परत येताना गाडी मी चालवली. काका आधी माझ्यावर घसरले, "तू ओढलंस. तिसऱ्यांदा फार ओढलंस." रूट ४६ च्या सिग्नलला ते म्हणाले, "त्या दिवशी सकाळी जीप पुढच्या चौकीवर निघाली होती. मीही जायचा होतो त्यात. इलाननं बसल्या जागेवरून हाक मारली, गाण्यातल्यासारखी. तीनदा. सगळे हसत होते. मी स्टोव्ह बांधत होतो. आलो, आलो म्हटलं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला.

"मग तो म्हणाला, ये मागच्या गाडीनं, पण जेवण घेऊन ये. मी गेलो मागच्या गाडीनं. चार डबे भरून घेऊन गेलो. खायला कुणी नव्हतं रे." पुढचं वळण आल्यावर म्हणाले, "त्यानंतर मला कुणी तसं बोलावलं नाही. म्हणून ते कडवं पाहिजे होतं मला. पुस्तकात असतं तर शाळेतल्या पोरांनी तरी हाक मारली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी नेहमीसारखा खाली उभा राहिलो. पण ओरडायला तोंड उघडेना. तीन वर्षं मी ह्या माणसाला रोज काय विचारत होतो, आणि काय ऐकून चिडत होतो! मी गप्प कठड्यावर बसून राहिलो. पावणेआठ झाले. आठ झाले.

खिडकी चार बोटं नव्हे, सताड उघडली. काका पूर्ण कपडे करून, बूट घालून आत उभे होते. रागानं लाल झालेले.

"पुणेकर! अर्धा तास झाला! हाक का मारत नाहीस?"

मी उठलो. "काका," मी ओरडलो, "आलात का?"

"आलो, आलो!" म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. मग पंधरा मिनिटं त्यांचा पत्ता नव्हता. मी थांबलो.