कोरडा ब्रश आणि पाठीचा मधला भाग

माणूस जन्माला येतो तो कातडीसकट आणि जातोही तिच्यासकट. मधल्या काळात तिच्याकडे लक्ष द्यायला मात्र त्याला सवड होत नाही. आमच्या घराने ही उणीव गेल्या वर्षी दूर केली. आमच्याकडे रोज सकाळी प्रत्येक जण स्वतःला कोरडा ब्रश करतो.

पद्धत सोपी आहे. आंघोळीच्या आधी, पाणी न लावता, राठ केसांच्या ब्रशाने अंग घासायचे. सुरुवात तळपायापासून, दिशा हृदयाकडे, प्रत्येक जागी सात वेळा. (सातच का, हे बायकोने जिथे वाचले तिथे दिलेले नव्हते. त्यामुळे आमचा विश्वास अधिकच बसला.) मध्ये खंड पडला तर पुन्हा तळपायापासून. हा शेवटचा नियम माझा. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानदाराचा तराजू अर्धवट तपासून सोडत नाही, तर स्वतःचे अंग कसा सोडीन?

फायदे लगेच दिसले. बायकोची कांती उजळली, असे बायकोचे मत आहे. कॉलेजात जाणारी मुलगी पूर्वी आमच्यावर चिडायची. आता ती दार लावून शांतपणे चिडते. कार्यालयात माझ्या शेजारचा कारकून हल्ली खुर्ची लांब सरकवून बसतो. (कोंडा उडतो म्हणे. जळतात लोक.)

अडचण आली ती आईची. आईची पाठ धरते. डॉक्टरांनी मलम दिले आहे आणि रोज सकाळी ते नीट चोळून घ्या, नाहीतर अंथरुणाला खिळाल, असे बजावले आहे. सकाळी सात वाजता आई हाक मारते, "अरे, पाठीला तेवढं मलम लावून दे रे."

मी नेमका पोटरीवर असतो. "दोन मिनिटं, आई!" असे ओरडतो. ओरडल्यामुळे खंड पडतो, म्हणून पुन्हा तळपाय. आमच्या घरातली दोन मिनिटे मी घड्याळ लावून पडताळून पाहिली. सरासरी एक्केचाळीस मिनिटे भरली. (एखाद्या दुकानात एवढी तफावत सापडती, तर मी तराजू जप्त केला असता. पण घर म्हणजे काही दुकान नव्हे.) विलंबाचे मूळ कारण हाक हेच आहे, हे मी आईला आकड्यांनिशी समजावून दिले. मग ती सुनेच्या दाराशी गेली. सून गुडघ्यापर्यंत पोचली होती. नातीच्या दाराशी गेली तेव्हा आतून उत्तर आले, "आजी, हा माझा स्वतःसाठीचा वेळ आहे गं!" स्वतःसाठीचा वेळ आईलाही भरपूर मिळत होता, तो ती बंद दारांबाहेर उभी राहून घालवत असे.

शेवटी मी प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाती घेतला. एका रविवारी टेप घेऊन आईची पाठ मोजली. उजवा हात वरून, डावा खालून. दोन्ही हात पोचत नाहीत असा प्रदेश साडेआठ इंच लांब आणि पाच इंच रुंद निघाला. दुखणे बरोबर त्यातच होते. मी खडूने सीमा आखल्या, मापे दोनदा घेतली आणि बायकोने नकाशा काढला. पाऊण तास गेला.

"एवढा वेळ तुझा हात तिथंच होता की रे," आई म्हणाली. "मलम लावून झालं असतं."

लाभार्थीची सूचना म्हणून मी ती नकाशाखाली लिहून घेतली.

मापाप्रमाणे लांब दांड्याचा ब्रश आणला. ब्रशाच्या मागच्या सपाट बाजूला मलम फासायचे आणि आपले आपण लावायचे. पहिले तीन दिवस मलम भिंतीला, उशीला आणि एकदा नकाशाला लागले. चौथ्या दिवशी ते पाठीला लागले. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

"जमलं की आई तुला!"

"जमलं," आई म्हणाली. "फक्त तो मेला विचारत नाही, इथं दुखतंय का म्हणून."

त्यानंतर आईने हाक मारलेली नाही. माझे सगळे अंग आता बारा मिनिटांत आटोपते. परवा मी पोटरीवर मुद्दाम थांबलो, कान देऊन. पलीकडे दांडा पाठीवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. खरे सांगायचे तर मला रडू आले. (हे ब्रशाच्या फायद्यांत धरावे की नाही, यावर घरात एकमत नाही.)

आमची कीर्ती ऐकून लोक चौकशा करतात: केस कितपत राठ, दांडा किती लांब, कुठे मिळतो. तुम्हीही तेच विचारणार होतात. जरूर विचारा. मात्र त्याआधी, मघाशी आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी बोलावले आणि "हे एवढं वाचून आलोच" असे तुम्ही म्हणालात, ते माणूस अजून वाट बघते आहे का, तेवढे पाहून या. बघत नसेल तर अभिनंदन. तेही आता स्वावलंबी झाले.