केबल चांगली होती

साबणाच्या कारखान्यात लेबलयंत्र खोक्यांवर 'साबण' छापायचं सोडून '१बी ४०, १बी ४०' असलं काहीतरी डकवू लागलं, तेव्हा संगणकवाल्याने गुन्हेगार तिथल्या तिथे पकडला.

"काका, तुमची केबल गेलीय."

"परवाच घातलीय," वायरमनकाका म्हणाले.

"मग घातलीत कशी? माझा मॅक्रो, म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकुमांची यादी, चोख आहे. एक बटण दाबलं की सगळे हुकूम बाइट होऊन संगणकाच्या सिरियल पोर्टातून थेट यंत्रात. मधे फक्त तुम्ही!"

चारचौघांत हे ऐकून काका डबा अर्धा टाकून टेबलाखाली शिरले. बाहेर दिसत होते ते त्यांचे पाय, आणि त्या पायांना संगणकवाल्याचा उपदेश चालू होता. तो मधेच थांबला. मॅक्रोच्या खिडकीत 'आकडे बाइट म्हणून पाठवा' या चौकटीत टिकच नव्हती! यंत्राला हुकूम न जाता हुकुमाची '१बी ४०' ही अक्षरंच जात होती, आणि ते बिचारं इमानाने तीच छापत होतं. त्याने हळूच टिक केली.

"बसवली नवी," धुळीने माखलेले काका बाहेर आले. बटण दाबताच 'साबण' उमटला.

"केबलच होती तर!" बघत उभे असलेले मॅनेजर म्हणाले. "काका, रविवारी येऊन बाकीच्या अकरा यंत्रांच्याही बदला."

"रविवारी नातीकडे जायचं होतं..."

"काम धड केलं असतंत तर गेला असतात."



चूक कबूल करणं तोंडाला जमेना, तर ते मॅक्रोवर सोपवावं, असं संगणकवाल्याने ठरवलं. 'साबण'चीच नक्कल करून त्यात नवा मजकूर भरला. बाइटची टिक तीनदा तपासली. सगळे चहाला गेल्यावर बटण दाबलं, खोक्यावरचं लेबल सोलून घेतलं आणि काकांना गाठलं.

काकांनी वाचलं : 'काका, केबल चांगली होती. चूक माझी.'

"असू दे," काका म्हणाले. "नाही सांगत कुणाला."

हायसं वाटून तो परतला, तर पट्ट्यापाशी ही गर्दी. खोकी एकामागून एक येतच असतात, म्हणून 'साबण'च्या मॅक्रोत 'पुन्हा पुन्हा पाठवा' ही टिक होती. नकलेत तीही आली होती. मॅनेजर एक्केचाळिसावं खोकं हातात घेऊन मोठ्याने वाचत होते.

"काका, रविवारी तुम्ही नातीकडे जा," वाचून झाल्यावर ते म्हणाले. संगणकवाल्याला काही सांगावं लागलं नाही. तो ओलं फडकं शोधायला निघाला होता.

काकांनी खिशातलं लेबल काढून आपल्या हत्यारांच्या पेटीवर लावलं आणि चारही कोपरे अंगठ्याने दाबले.

"बाकीची सोल निवांत," फडकं घेऊन आलेल्या संगणकवाल्याला ते म्हणाले. "डिंक चांगलाय हो."